साहेबांचा दम

साहेब हिवाळ्यात रस्त्यावर बोलत नसत. दिवाळी सरली की त्यांचं तोंड घराच्या उंबऱ्यावर मिटायचं ते कोर्टाच्या व्हरांड्यात उघडायचं. वाटेत कुणा पक्षकारानं गाठून आज तारीख आहे का विचारलं तर ते मान हलवायचे, उद्या आहे का विचारलं तरी मान हलवायचे. एकदा एक गृहस्थ त्यांच्या टांग्यात शेजारी बसून कसबा बावड्यापासून कोर्टापर्यंत आपली सगळी भाऊबंदकी सांगत आले. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. उतरल्यावर ते गृहस्थ खूश होऊन मला म्हणाले, साहेबांनी केस मनावर घेतलीय, माझा एक शब्द मोडला न्हाय.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात वकिली करणाऱ्या बायका अगदी थोड्या होत्या. वडील मला घेऊन आधी दुसऱ्या मोठ्या वकिलांकडे जाऊन आले होते. एकानं, मुलीच्या जातीला नोटरीचं काम बरं, असा सल्ला दिला. दुसऱ्यानं लग्नाचं कुठवर आलंय ते विचारलं. साहेबांनी वडिलांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तुम्हाला गप बसता येतं का?"

मला राग आला. बायका बडबड्या असतात असं यांनाही वाटतं तर, असं मनात आलं. पण मी नुसतं "येतं" म्हणाले.

"मग उद्यापासून या, वकील."

पुढं कळलं की हा प्रश्न ते प्रत्येक ज्युनिअरला विचारत, आणि पोरं उत्तर देताना इतकी बोलत की तिथंच नापास होत. 'वकील' ही हाक मात्र त्यांनी माझ्यापुरती ठेवली. बाकीच्यांना सरळ अरे-तुरे.

साहेब फौजदारी कामं चालवत. अंगानं सडपातळ, खांदे किंचित वर उचललेले, काळा कोट दोन मापांनी मोठा. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत होतं. युक्तिवाद तयार करून नेला की ते डोळे मिटून "सांगा" म्हणायचे. मी सांगू लागायची. मध्ये मला श्वास घ्यायला थांबावं लागलं की त्यांचा हात वर व्हायचा. "बास. मुद्दा एका श्वासात मावत नसंल तर तो मुद्दा न्हाय." मग मी पुन्हा बसून कापाकापी करायची. विशेषणं जायची, 'वास्तविक पाहता' जायचं, 'माझ्या नम्र मते' जायचं. शेवटी जे उरायचं ते खरंच टोकदार असायचं. साहेबांचे युक्तिवाद सगळ्या बारमध्ये सर्वांत छोटे. समोरचा वकील दोन दिवस बोलला तरी साहेब चहाच्या सुट्टीआधी खाली बसत. जज्ज लोक त्यांच्यावर खूश असत ते उगाच नव्हे.

पण त्यांचं नाव झालं होतं ते उलटतपासामुळं, आणि त्या उलटतपासात त्यांच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याची दहशत जास्त. साहेब प्रश्न विचारत, साक्षीदार उत्तर देई, आणि साहेब छताकडे बघत उभे राहत. काही नाही. नुसते उभे. एका खटल्यात एका पोलीसपाटलानं शपथेवर सांगितलं की मारामारी मी माझ्या माडीवरनं डोळ्यांनी पाहिली. साहेब छताकडे बघत राहिले. पाटील थोडा वेळ थांबून म्हणाला, चांदणं होतं. साहेब गप्पच. मग म्हणाला, चांदणं नव्हतं, पण खाली कंदील होता. साहेब तरी गप्प. पाटलानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, कंदील नंतर आणला, आधी मी आवाज ऐकला. अशा रीतीनं तो आपणहून माडीवरून उतरत उतरत घरात जाऊन अंथरुणात शिरला, आणि साहेबांनी त्याला दुसरा प्रश्न विचारलाच नाही. बाकीच्या वकिलांनी ही युक्ती करून पाहिली. त्यांतला एक छताकडे बघत उभा राहिला तर जज्जसाहेबांनी त्याला तुमचं संपलं का म्हणून विचारलं.

मी लागल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, एका सकाळी, साहेबांच्या अगदी शेजारी उभी होते. साक्षीदाराचं उत्तर आलं आणि साहेब थांबले. सगळं कोर्ट श्वास रोखून होतं. आणि त्या शांततेत मला एक बारीक शिट्टी ऐकू आली. खिडकीच्या फटीतून वारा घुसताना वाजतो तसा आवाज. मी खिडकीकडे पाहिलं, ती बंद होती. आवाज साहेबांच्या छातीतून येत होता. झग्याआड त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, इतकी की नखं पांढरी पडली होती.

साहेब साक्षीदाराला खेळवत नव्हते. साहेबांना पुढचं वाक्य बोलायला श्वास पुरत नव्हता.

मी कुणाला काही बोलले नाही. पण त्यानंतर त्यांच्या एकेक लकबीचा अर्थ लागत गेला. सेशन कोर्ट वरच्या मजल्यावर होतं. साहेब सगळ्यांच्या आधी येऊन जिन्याच्या मधल्या वळणावरच्या बाकावर कागद वाचत बसत. लोक त्यांच्या अभ्यासूपणाचं कौतुक करत. ते कागद त्यांना तोंडपाठ असत. उरलेला अर्धा जिना चढण्याएवढा दम ते तिथं गोळा करत. ऑफिसात कधीकधी एक उग्र वासाची विडी जळायची. ती म्हणे परदेशी. खरं तर ती दम्यावर ओढायच्या धोतऱ्याच्या पानांची होती. दर कोजागरीला ते एका वैदूची औषधाची खीर खाऊन यायचे आणि मलकापूरला अशिलाकडे गेलो होतो म्हणून सांगायचे. त्यात राहायला कसबा बावड्यात. थंडी आणि साखर कारखान्याचा हंगाम एकदमच सुरू व्हायचा. पहाटेचं धुकं, त्यात चिमणीची काजळी, वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके. घर बदला म्हणून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर वर्षी सांगायच्या. साहेबांचं म्हणणं, मी आधी आलोय, कारखान्यानं हलावं.

दमा लपवण्यामागं त्यांचा हिशेब सरळ होता. वकिलाचा धंदा बोलण्याचा. ज्याला श्वास पुरत नाही, त्याच्या हातात आपला मुलगा फासावरनं सोडवायला कोण देईल?

ऐंशी सालाच्या आसपास त्यांच्या मुंबईच्या जावयानं एक छोटा फवाऱ्याचा पंप पाठवला. तोपर्यंत त्यांच्याकडे रबरी फुग्याचं काचेचं यंत्र असायचं. ते घराबाहेर नेता येत नसे. हा पंप खिशात मावायचा. साहेबांनी त्याचं नाव पिचकारी ठेवलं. दम लागला की ते दाराआड जात, तोंड उघडत, अत्तर मारल्यासारखा जिभेवर फवारा मारत, तोंड मिटून गिळत आणि तोंड वाकडं करत. गुण काही येत नसे. औषधानं हात तेवढे थरथरत. मुंबईच्या लोकांनी गंडवलं, असं त्यांचं मत झालं. तरी ते तो वापरत राहिले, कारण दुसरं काही खिशात मावत नव्हतं.

अशातच ते मलकापूरकडचं काम आलं. एका खेड्यातला प्राथमिक शिक्षक आरोपी होता. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, चुलतभावाच्या डोक्याला मोठी जखम झाली. फिर्यादीचं म्हणणं, मास्तरनं काठी घातली. मास्तरचं म्हणणं, झटापटीत भाऊ देवळाच्या दगडी पायरीवर पडला. शिक्षा झाली असती तर नोकरी जाणार होती आणि मास्तर काही वर्षं आत जाणार होता. त्याची बायको पोटुशी होती. ती रोज कोर्टाच्या आवारात वडाखाली बसून असायची.

सगळं अडून होतं डॉक्टरच्या साक्षीवर. जखमीला तपासलं होतं त्या भागातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मुजावर यांनी. कोल्हापूरच्याच, शिंप्याच्या घरातल्या, वयानं माझ्याएवढ्या, नोकरीत नव्या. त्यांच्या उलटतपासाची तयारी मी केली होती. जखमेचा दाखला दुसऱ्या दिवशी लिहिलाय, एका ठिकाणी खाडाखोड आहे, बाईंना अनुभव नाही. पानंच्या पानं भरली होती. त्यांना आधी खिळखिळं करायचं, मग पायरीचा प्रश्न टाकायचा, असं ठरलं होतं.

ती जानेवारीतली सकाळ होती. रात्रभर गार वारं सुटलं होतं आणि साहेब टांग्यातून उतरले तेव्हाच त्यांचा चेहरा राखेसारखा होता. मफलर नेहमीप्रमाणं कानांवरून गच्च आवळलेला, नाक उघडं. मी तारीख मागू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, आणि ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही.

सरकारी वकिलांचा सरतपास झाला. साहेब उठले. पहिले दोन प्रश्न नोकरीबद्दल, तिसरा दाखल्याच्या तारखेबद्दल. डॉक्टरबाईंनी सांगितलं की त्या दिवशी बाळंतपणात अडलेली एक बाई होती, म्हणून दाखला दुसऱ्या दिवशी लिहिला. साहेब थांबले.

कोर्टानं ती थांबण्याची तऱ्हा ओळखली. मागच्या बाकांवरचे ज्युनिअर सावरून बसले. आता बाई बोलणार आणि अडकणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या साहेबांकडे बघत होत्या. त्यांच्या वर खाली होणाऱ्या खांद्यांकडे, गळ्याच्या ताणलेल्या शिरांकडे. शिट्टी आता इतरांनाही ऐकू जाईल एवढी वाढली होती. साहेबांनी भिंतीकडे तोंड केलं, खिशातून पंप काढला आणि नेहमीसारखा जिभेवर मारला. मग पुन्हा मारला.

"वकीलसाहेब, औषध जिभेवर पडतंय. छातीत जात नाहीये," डॉक्टरबाई पिंजऱ्यातून म्हणाल्या.

बाईंनी जज्जसाहेबांकडे वळून, यांना दम्याचा जोराचा झटका आलाय, मला खाली उतरू द्यावं, अशी परवानगी मागितली. साक्षीदारानं साक्ष अर्धी टाकून विरुद्ध बाजूच्या वकिलाजवळ जायचं, हे कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं. जज्जसाहेबांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते उभे राहिले आणि आपली हरकत नाही म्हणाले.

बाई खाली आल्या. साहेबांना खुर्चीत ताठ बसवलं, मफलर सैल केला. पंप हातात घेतला तर तो गार पडला होता. तो त्यांनी तळव्यांत धरून उबवला आणि जोरात हलवला. मग लहान मुलाला सांगावं तसं, पण आवाज न चढवता, एकेक गोष्ट सांगितली. आधी छातीतला श्वास सगळा बाहेर सोडा. आता पंपाच्या तोंडाभोवती ओठ मिटा. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करा, आणि घेता घेताच दाबा. दाबल्यावर थांबू नका, घेतच राहा. आता धरून ठेवा. मनात दहापर्यंत मोजा. सोडा.

साहेबांनी एका तरुण बाईचं मुकाट्यानं ऐकलं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिल्या वेळेला फवारा अर्धा ओठांतून बाहेर आला. बाईंनी थोडं थांबून पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. जज्जसाहेब लेखणी खाली ठेवून बघत होते. हळूहळू साहेबांचे खांदे खाली आले. शिट्टी बारीक होत गेली. ओठांवर रंग आला.

जज्जसाहेबांनी पुढची तारीख देऊ केली. बाईही म्हणाल्या की यांनी आता दवाखान्यात जायला हवं. साहेब म्हणाले, "जातो. माझा एक प्रश्न राहिलाय."

बाई पिंजऱ्यात परत गेल्या. मी माझी पानं साहेबांच्या हाताशी सरकवली. त्यांनी ती उलटी करून ठेवली आणि विचारलं, "डॉक्टर, ही जखम दगडी पायरीवर डोकं आपटून होऊ शकते का?"

"होऊ शकते."

साहेब खाली बसले. सरकारी वकिलांनी उठून विचारलं की अशी जखम काठीनं होऊ शकते का. बाई म्हणाल्या, काठीनंही होऊ शकते. साक्ष संपली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मास्तरचे वडील बाहेर मला म्हणाले, साहेबांनी बाईचे उपकार फेडले, पर माझ्या पोराचं काय? मलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं की एवढी तयारी होती, ती का टाकली. ते म्हणाले, "वकील, त्या पिंजऱ्यातनं ती बाई खाली उतरली ते साऱ्यांनी बघितलं. आता ती खोटं बोलतीय असं मी म्हटलं तर माझ्यावर कोण इश्वास ठेवंल? ती खरं बोलणारी हाय. तिला एकच प्रश्न इचारायचा असतो."

शेवटच्या युक्तिवादात त्यांनी तेच धरलं. जखम दोन्ही रीतींनी होऊ शकते असं जी डॉक्टर निर्भीडपणे सांगते, तिच्या शब्दावर शंका कशी घ्यायची, आणि शंका तिच्या उत्तरातच असेल तर आरोपीला शिक्षा कशी द्यायची. मास्तर सुटला. त्याची बायको वडाखालून उठून साहेबांच्या पाया पडायला आली तर ते तिलाच ओरडले, या अवस्थेत वाकू नको म्हणून.

निकाल लागेपर्यंत साहेब डॉक्टरबाईंना भेटले नाहीत. साक्षीदाराला भेटायचं नसतं. निकालानंतरच्या आठवड्यात मात्र ते एसटी पकडून मलकापूरकडे गेले आणि संध्याकाळी परतले ते नव्या माणसासारखे. बाईंनी त्यांची मफलरपासून झडती घेतली होती. थंडी कानातून छातीत जात नाही, नाका-तोंडातून जाते, तेव्हा मफलर नाकावर घ्या. पंप कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. गारठ्यात बाहेर पडायच्या थोडं आधी घ्या, शिट्टी वाजायची वाट बघू नका. आणि झटका आल्यावर घ्यायचा तो हा पंप. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायचा तो दुसरा, तो बरं वाटत असलं तरी सोडायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची. साहेबांनी यातल्या प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारलं होतं. पंप हलवायचा का, श्वास धरायचा का, चूळ कशाला. बाईंच्या प्रत्येक उत्तरावर त्यांचं समाधान झालं होतं. मला म्हणाले, इतकी वर्षं वकिली केली, असा साक्षीदार मिळाला नव्हता.

दुसरा पंप मुंबईहून मागवावा लागला. महिना-दोन महिन्यांत साहेब न थांबता जिना चढू लागले. आणि मग आमच्यावर वेगळंच संकट आलं. साहेब बोलू लागले. साध्या जामिनाच्या अर्जावर ते तासभर बोलले. इंग्रजी बोलले, मराठी बोलले, शेतकऱ्यांच्या स्थितीवर बोलले. मी तयार करून दिलेलं एक वाक्य ते पाच वाक्यांत पसरायचे, आणि बोलताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की थांबवावंसं वाटू नये. शेवटी ज्या जज्जसाहेबांनी तो झटका पाहिला होता तेच एकदा म्हणाले, वकीलसाहेब, तुमची तब्येत उत्तम आहे याची कोर्टानं नोंद घेतली आहे. साहेब मोठ्यानं हसले आणि खाली बसले. तेव्हापासून ते पुन्हा थोडं बोलू लागले. उलटतपासात छताकडे बघून थांबणंही परत आलं. मला ते कळेना, म्हणून मी धीर करून विचारलंच.

"आधी दम न्हवता म्हणून थांबत हुतो," ते म्हणाले. "आता दम हाय म्हणून थांबतो."

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला कळलं की डॉक्टर मुजावर यांच्यावर खात्याची चौकशी लागली आहे. फिर्यादी पक्षानं अर्ज केला होता. त्यांचं म्हणणं, बाई आणि आरोपीचा वकील आतून एक होते. झटका हे सोंग होतं. बाईंनी खाली उतरून वकिलाच्या कानात काही सांगितलं, त्यानं पुढचे सगळे प्रश्न टाकून दिले, आणि बाईंनी हवं ते उत्तर दिलं. आणि अर्जात एक वाक्य असं होतं की ते मी दोनदा वाचलं. या वकिलांना दमा असल्याचं कोल्हापुरात कुणीही कधी ऐकलेलं नाही.

ते खरं होतं. कोर्टातला तो झटकाही गार वाऱ्यानं एकदाच आला, असं सांगून साहेबांनी बारमध्ये विषय मिटवला होता. साहेबांनी ते इतकं नीट लपवलं होतं की आता बाईंची बाजू घ्यायला कुणी साक्षीदारच उरला नव्हता. बारमधल्या मित्रांनी सल्ला दिला की एखाद्या डॉक्टरचा दाखला गुपचूप पाठवून द्या, स्वतः जाऊ नका. तिथं सगळं बाहेर येईल, पेपरवाले छापतील, धंद्याला झळ बसेल. साहेबांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"वकील, मी जाणार हाय. पर माझ्या एकट्याच्या सांगण्यावर भागायचं न्हाय. त्या केसच्या आधीपासनं ज्याला ठाऊक हुतं, असं घराबाहेरचं माणूस पायजे."

मी टेबलावरचे कागद आवरू लागले.

"तुम्हाला ऐकू येत हुतं की," साहेब म्हणाले. "पहिल्या हिवाळ्यापासनं. तुम्ही खिडकीकडं बघितलं हुतं. मग माझ्याकडं बघितलं, आणि गप बसला."

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांचं गुपित मी सांभाळतेय. मला ते ठाऊक आहे, हे माझं गुपितही ते सांभाळत होते.

चौकशी एका सरकारी कचेरीच्या थंडगार खोलीत झाली. डॉक्टरबाई एका कोपऱ्यात बसल्या होत्या, वडिलांना घेऊन आल्या होत्या. माझी साक्ष लवकर आटोपली. जे ऐकलं ते सांगितलं. मग साहेब साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. आयुष्यभर त्यांनी ज्या जागेकडे तोंड करून प्रश्न विचारले होते तिथं बसताना ते किंचित अवघडले. खात्याच्या अधिकाऱ्यानं विचारलं, दमा किती वर्षांपासून आहे. साहेब म्हणाले, वीस वर्षं तर नक्कीच. मग हे कुणालाच कसं कळलं नाही?

"मी लपवलं," साहेब म्हणाले. "दमेकऱ्याला कुणी वकीलपत्र देणार नाही, या भीतीनं लपवलं. डॉक्टरांचा यात काही संबंध नाही. त्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत मी त्यांना कोर्टाबाहेर एकदाही भेटलो नव्हतो. मला औषध कसं घ्यायचं तेही येत नव्हतं, आणि ते त्यांनी भर कोर्टात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कानात सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं."

अधिकाऱ्यानं बाईंच्या उत्तराबद्दल छेडलं. साहेबांनी साक्षीची नक्कल मागवून वाचायला लावली. पायरीनं होऊ शकते, आणि लगेच खाली, काठीनंही होऊ शकते. ज्याला मला मदत करायची असती तो पहिल्या उत्तरावर थांबला असता, एवढंच ते म्हणाले. मग पंप काढून टेबलावर ठेवला आणि पाहिजे तर कसा घ्यायचा ते दाखवतो म्हणाले. अधिकारी नको म्हणाला. साहेबांनी तरी दाखवलं. सावकाश, ताठ बसून, शेवटपर्यंत. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या.

अर्ज निकाली निघाला, बाईंवर ठपका आला नाही. पुढं त्यांची चंदगडला बदली झाली. तिथल्या पावसाळी हवेत दमेकऱ्यांना तोटा नव्हता, त्यामुळं त्यांच्या हाताला भरपूर काम होतं, असं त्या साहेबांना कळवत.

मित्रांनी घातलेली भीती मात्र अगदीच पोकळ नव्हती. गावभर झालं. काही दिवस ऑफिसातला बाक मोकळा दिसला. एक मोठं काम दुसऱ्या वकिलाकडे गेलं. साहेब रोजच्याप्रमाणं बसत होते, मला मुद्दे कापायला लावत होते, आणि कोर्टात जायच्या आधी आता दाराआड न जाता पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर पंप घेत होते. मग एकेक माणूस येऊ लागला. काहींच्या हातात समन्स होतं, काहींबरोबर धाप लागलेली आई किंवा बायको. साहेब दोन्ही कामं ऐकत. पंप असेल तर माझ्यासमोर घ्या म्हणत आणि चुकलं की माझ्या युक्तिवादासारखं पुन्हा करायला लावत.

त्या दिवसांत एका सकाळी मागच्या अंगणातून कुणाची तरी चाहूल लागली. काकू बघायला गेल्या. बारमधले एक ज्येष्ठ वकील परसात तुळशीजवळ उभे होते. साहेबांशी त्यांचं वर्षानुवर्षांचं वाकडं होतं. एरवी या वकिलांचा आवाज एवढा मोठा की शेजारच्या कोर्टातही ऐकू जाई. चौकशीनंतर साहेबांचा धंदा बसला असं त्यांनीच बार रूममध्ये जाहीर केलं होतं. आत्ता त्यांचा आवाज निघत नव्हता. डोक्याला मफलर, नाक उघडं, आणि मूठ मिटलेली. मूठ उघडून त्यांनी साहेबांना आपला पंप दाखवला आणि हळूच विचारलं की हे नेमकं कसं घ्यायचं.

साहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. झटका आलेला नव्हता, नुसती धाप होती.

"सांगतो की," साहेब म्हणाले. "मफलर नाकावर घ्या, वळसा घालून पुढच्या दारानं या."

वकीलसाहेबांनी मागच्या दारातून आत डोकावून पाहिलं. पुढच्या खोलीत बाक भरून लोक बसले होते, त्यात त्यांचे स्वतःचे दोन अशील. मग त्यांनी मफलर नाकावर ओढला आणि घराला वळसा घालायला निघाले. ते पुढच्या दारातून आत आले तेव्हा लोकांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. ते ताठ बसले. साहेबांनी सांगितल्यावर त्यांनी श्वास सगळा बाहेर सोडला, पंपाभोवती ओठ मिटले, आणि ती सगळी खोली त्यांच्याबरोबर मनात दहापर्यंत मोजू लागली.